नसलेल्या दाताची चौकशी

सोमवार, ५ जानेवारी

दुपारी खुर्ची रिकामी होती म्हणून मीच तिच्यात आडवी झाले. इतकी वर्षं हिच्याशेजारी वाकून उभी राहते आहे, पण पेशंटला वर काय दिसतं ते आज कळलं. छतावर ओलीचा एक डाग आहे, उलट्या बुटासारखा. दातात ड्रिल चालू असताना लोक त्या बुटाकडे बघत असणार. कोणी कधी बोललं नाही. तोंडात माझे हात असताना बोलणार तरी कसं म्हणा.

डोळा लागला होता. सिस्टरने हलवून उठवलं, "मॅडम, कोणीतरी आलंय." धडपडत उभी राहिले. पेशंट नव्हता. समोरचा टायवाला होता.

समोर, रस्त्यापलीकडे, वर्षभरापूर्वी मोठं डेंटल क्लिनिक झालं. काचेच्या भिंती, दाताच्या आकाराचा बोर्ड, तो दिवसासुद्धा पेटलेला असतो. टायवाला तिथला मॅनेजर. फार अदबीने बोलतो. म्हणाला, "मॅडम, हे बंद करा आणि आमच्याकडे या. ठरलेला पगार, ठरलेली वेळ. डोक्याला ताप नाही. मार्चअखेर सांगितलंत तरी चालेल."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचं बोलणं हल्ली पाटीवर. लिहिलं, 'तुझं काय म्हणणं?'

"मी थकलेय," म्हटलं.

ह्यांनी पाटी पुसून टाकली.

गुरुवार, ८ जानेवारी

बहिणीची मुलगी येऊन गेली. लहानपणापासून तिच्या तोंडाला खळ नाही म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणतो. समोरच्यांची गोष्ट ऐकून उसळलीच. "मावशी, त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा चांगले डॉक्टर नाहीत. त्यांच्याकडे पेज आहे! लोकांना तू दिसतच नाहीस."

"मी तिथेच असते. दहा ते आठ."

"फोनवर गं! लोक हल्ली दात दुखला की आधी फोन काढतात."

तिने दवाखान्याचा जुना फोन मागितला. काचेला तडा गेलाय म्हणून तो घरीच पडून असतो, हे त्याच्यावर पत्ते खेळतात. जुन्या पेशंटांचे नंबर त्यातच आहेत. त्यावर तिने पेज उघडलं, फोटोच्या जागी माझा पदवीदानाचा फोटो टाकायला निघाली होती, मी हाणून पाडलं. पोस्ट ती तिच्या फोनवरून टाकणार. माझ्या फोनवर नुसतं बघायची सोय करून दिली.

"आणि मेसेज आले तर?" मी विचारलं.

"ते या जुन्या फोनवर येतील. उत्तरं द्यायची हं, तेच महत्त्वाचं."

"ते तूच बघ बाई," म्हटलं. ती "बघू, बघू" म्हणाली. म्हणजे बघेल.

मंगळवार, १३ जानेवारी

आज रील केलं. दात घासायची योग्य पद्धत. प्लॅस्टिकचा मोठा जबडा हातात धरून मी कॅमेऱ्यासमोर उभी. टिटवी म्हणाली, "मावशी, शोकसभेत बोलतेयस असं वाटतंय. जरा हस ना."

"दात घासण्यात हसण्यासारखं काय आहे?"

"तू डेंटिस्ट आहेस! तू नाही हसलीस तर कोण हसणार?"

हसले. पुन्हा पाहिलं तर मी कोणाला तरी चावायच्या बेतात दिसत होते. सिस्टर तोंडावर टॉवेल धरून बाहेर गेली. हेच टाकलं शेवटी. ज्यांनी लाइक केलं ते सगळे नातेवाईक. एका अनोळखी माणसाने लिहिलं, 'नाइस कलर.' कशाचा कलर ते देव जाणे. जबड्याचा असेल.

घरी ह्यांना दाखवलं. खांदे हलत होते. आवाज न करता हसतात हल्ली.

रविवार, १८ जानेवारी

बाजारात एकाने हसून विचारपूस केली. चेहरा काही केल्या आठवेना. मग त्याचा वरचा वळलेला सुळा दिसला आणि सगळं आठवलं. त्याचं नाव, त्याच्या आईची कवळी, ती कवळी कुत्र्याने पळवली होती तेसुद्धा. माझं हे असंच. चेहरे विसरते, दात विसरत नाही. माणूस हसला की मला ओळख पटते.

चेहरे ह्यांच्याकडे असायचे. नोकरी सोडून काउंटरवर बसायला लागले तेव्हा लोक म्हणायचे, बायकोच्या दवाखान्यात बसतो. ह्यांना काही वाटलं नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाला "या. बसा. आधी श्वास घ्या." एखाद्याचा दात काढला की संध्याकाळी फोन, "काय, नसलेला दात काय म्हणतोय?" मला वाटायचं, काय हा रिकामटेकडेपणा.

ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला सव्वा वर्ष होईल. उजवा हात सुधारला नाही. डोकं तल्लख आहे, शब्दही सगळे आहेत, पण जीभ जड झाली. पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा एका लहान मुलीने आईला विचारलं, "हे आजोबा असे का बोलतात?" त्या दिवसापासून बोलणंच सोडलं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आरशासमोर करायचे व्यायाम लिहून दिलेत. आ, ई, ऊ. कागद आरशाला चिकटवलेला आहे. हे त्या आरशासमोर फक्त दाढी करतात.

शुक्रवार, २३ जानेवारी

ह्यांना नवीन खूळ लागलंय. जेवायला बसलं की पाटी पुढे सरकवतात. 'आज कोण?' म्हणजे आज कोणाचा दात काढला, कोणाला टाके घातले. दिवसभर तोंडं पाहून आल्यावर पुन्हा ती तोंडं आठवायची. आज मी जरा चिडूनच म्हटलं, "जेवू दे ना मला." ह्यांनी पाटी बाजूला ठेवली. मग मलाच वाईट वाटलं. सांगितलं, चपलांच्या दुकानातल्या आजोबांची दाढ काढली, आणि बँकेतल्या मुलीची अक्कलदाढ. हे मन लावून ऐकत होते. दिवस जात नसेल त्यांचा.

नंतर आपले डाव्या अंगठ्याने पत्ते खेळत बसले.

शनिवार, ३१ जानेवारी

चपलांच्या दुकानातले आजोबा टाके काढायला आले. बरोबर शेजाऱ्याला घेऊन आले होते. "यालाही दाखवायचंय. याला म्हटलं, इथे ये, इथे विचारपूस करतात. मला संध्याकाळी मेसेज आला, गार दूध प्यायलात का? माझ्या सुनेने नाही विचारलं."

टिटवीने आपोआप मेसेज जाण्याची काहीतरी सोय केलेली दिसते. हुशार आहे पोरगी. समोरच्यांकडेही तसलं असतंच म्हणे.

पण तिच्या मते हे सगळं फुटकळ आहे. "मावशी, पेज झोपलंय. आधीचा-नंतरचा फोटो टाक. लोकांना फरक बघायचा असतो."

बुधवार, ४ फेब्रुवारी

लायब्ररीतल्या बाई आल्या होत्या. पुढच्या दोन दातांत चांगली बोट जाईल एवढी फट, आणि दोन्ही दात जुन्या फिलिंगने भरलेले. लहानपणापासून हसताना तोंडावर हात धरायची सवय. आता एकदाच हिय्या करून कॅप बसवून घेताहेत. घरात कोणाला सांगितलेलं नाही. "झाल्यावर बघतील तेव्हा बघतील," म्हणाल्या. दात घासून लहान केले, वर तात्पुरत्या कॅप चिकटवल्या. पक्क्या महिन्याभरात येतील. आरसा दिला तर बघतच राहिल्या, आणि मग हात न धरता हसल्या. खूप दिवसांनी मला माझं काम बघून बरं वाटलं.

आधीचे फोटो मी कायम काढतेच. आज नंतरचाही काढला. टिटवीला पाठवला.

"त्यांना विचारलंस ना?" तिने लिहिलं.

त्यात विचारायचं काय? चेहरा नाही, नाव नाही. ओठांच्या आतले नुसते दात. कोण ओळखणार?

"विचारलंय," असं लिहून टाकलं. पाठ भरून आली होती, वाद नको होता.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पेज जागं झालं! दिवसभर माझा फोन थरथरत होता. टिटवी नाचतेय. लोक फोटो पुढे पाठवताहेत. सिस्टरचा चेहरा मात्र लांब. म्हणाली, "मॅडम, खालचं वाचलंत का?"

संध्याकाळी वाचलं. पहिलीच ओळ कुठल्यातरी पोराची. 'अरे, ही तर आपली खिडकी!' खाली दुसरा, 'खिडकी बंद झाली!!' मग तिसरा, 'आता खिडकीतून शूऽऽ, शांत बसा कसं म्हणणार?' सगळी लायब्ररीत लहानाची मोठी झालेली पोरं. कोणी वाईट बोललेलं नाही. काहींनी लिहिलंय, 'बाई, फार छान दिसता.' पण एवढी वर्षं मागून त्यांना खिडकी म्हणतात, हे त्यांना ठाऊक असेल का?

फोटो काढून टाकायला लावला. टिटवी म्हणाली, "मावशी, हाच तर एक चालला होता!" मग हळूच म्हणाली, "तू विचारलं नव्हतंस ना?"

चेहरे विसरणारी आणि दात ओळखणारी मी. मलाच कळायला हवं होतं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

लायब्ररीत जाऊन आले. त्या काउंटरवर होत्या. मला बघून हात तोंडावर गेला. कॅप लावलेली असूनही.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"पुस्तक हवंय का डॉक्टर?"

"नाही, मी..."

"मग मागे रांग आहे."

रांग म्हणजे एक शाळकरी मुलगी होती. ती माझ्याकडे आणि बाईंकडे आळीपाळीने बघत होती. बाहेर पडले. पायरीवर बसावंसं वाटलं, पण तिथे माझे पेशंट जात-येत असतात.

ह्यांना सांगितलं सगळं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ह्यांनी पाटी खाली ठेवली. मग फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. माझा राग आला असेल.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

लायब्ररीतल्या बाई ठरलेल्या वेळी आल्या नाहीत. सिस्टरने फोन केला तर म्हणाल्या, मला यायचं नाही. पक्क्या कॅप कपाटात तयार आहेत. तात्पुरतं सिमेंट किती दिवस धरणार? ते सुटलं की खालचे घासलेले दात उघडे पडतील, गार वारासुद्धा झोंबेल. त्यांचा संताप समजतो मला. पण दातांना संताप समजत नाही.

आज समोरून जाताना टायवाल्याने हात केला. मीही केला. मार्चअखेर कशाला, आत्ताच सांगून टाकावं असं वाटतंय. पगारी माणसाला कोणी पेज चालवायला लावत नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

नवल आहे. मी नवीन काही टाकायचं बंद केलंय, टिटवीची परीक्षा चालू आहे, आणि दुपारी खुर्ची रिकामी नसते. एक ड्रायव्हर आला, दातांच्या भीतीने वर्षानुवर्षं दुखणं सोसलेला. म्हणाला, "तुमच्याशी दोन दिवस मेसेजवर बोललो म्हणून आलो."

"माझ्याशी?"

"म्हणजे दवाखान्याशी. मी लिहिलं, सुईची भीती वाटते. तुम्ही लिहिलंत, मलाही वाटते."

मला सुईची भीती! टिटवी काहीबाही लिहीत असते. परीक्षेच्या दिवसांत एवढा वेळ कुठून काढते कोण जाणे.

आजकाल हे संध्याकाळी दार लावून बसतात. आतून चित्रविचित्र आवाज येतात. टीव्ही मोठा करून ठेवत असतील. मला उठून बघायचंही त्राण नसतं.

बुधवार, ४ मार्च

ओळीने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

दुपारी लायब्ररीतल्या बाई आल्या. तोंडावर हात. एक कॅप रुमालात बांधून आणली होती.

"सफरचंदाने घात केला," म्हणाल्या. "बसू का?"

मी खुर्ची खाली केली. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं," एवढंच म्हटलं.

"हो. हवं होतं." मग छताकडे बघून म्हणाल्या, "तो बूट अजून आहे वाटतं."

त्यांच्या पक्क्या कॅप बसवल्या. चावून बघायला लावलं, पुन्हा घासलं, पुन्हा बसवल्या. आरसा दिला. त्यांनी नीट बघून घेतलं आणि विचारलं, "साहेब कसे आहेत? जमलं का त्यांना 'ऊ'?"

"काय जमलं?"

"अहो, 'आ' आणि 'ई' येतं म्हणाले. 'ऊ'ला ओठ एका बाजूला पळतात म्हणे. रोज बोलतो ना आम्ही! म्हणजे लिहितो." माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "तुम्हाला माहीत नाही?"

फोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला. दवाखान्याच्या पेजवरून आलेला मेसेज. ९ फेब्रुवारीचा, संध्याकाळचा.

'चूक आमची. दात तुमचे, विचारायला हवं होतं. मी काउंटरवर बसायचो. तुम्ही हसताना हात धरता ते पाहिलंय. हल्ली मीही धरतो. मला बोलता येत नाही, मुलं विचारतात. डॉक्टर वाईट नाही. तिला माणसं दातांपासून सुरू होतात असं वाटतं. मला बरोबर उलटं वाटतं. दोघं मिळून ठीक चालायचं.'

खाली बाईंचं उत्तर, दोन दिवसांनी आलेलं. मग त्यांचं, मग ह्यांचं. लांबच लांब.

"शेवटी सौदा झाला आमचा," बाई म्हणाल्या. "मी इथे यायचं, आणि त्यांनी आरशासमोर उभं राहायचं. ते त्यांनी आधीच सुरू केलं. मग माझी पंचाईत झाली. सफरचंद नुसतं निमित्त हो."

जाताना दारात थांबल्या. "आणि मुलांना मी काल सांगितलं. खिडकी बंद आहे, पण दार उघडं आहे, दंगा केलात तर बाहेर काढीन. अशी हसली कार्टी!" हात खालीच होता त्यांचा.

त्या गेल्यावर टिटवीला फोन केला. "मेसेजना उत्तरं कोण देतं?"

"तूच ना!" ती म्हणाली. "मी आईला सांगत होते, मावशी किती बदलली."

घरी आले तर हे आरामखुर्चीत पेंगत होते, फोन मांडीवर. चार्जिंग संपत आलं होतं म्हणून उचलला. पत्त्यांचा खेळ त्यात कुठे दिसला नाही. मेसेज मात्र खंडीभर. आजोबांना, बँकेतल्या मुलीला, ड्रायव्हरला, मी रोज जेवताना ज्यांची नावं कंटाळून सांगितली त्या सगळ्यांना. सुरुवात बहुतेकांची एकच. 'नसलेला दात काय म्हणतोय?'

लोक समोरच्यांकडे काचेच्या भिंती बघून गेले, असं मी वर्षभर समजत होते.

फोन चार्ज करून परत मांडीवर ठेवला. हे जागे झाले, माझ्याकडे पाहिलं, पाटी पुढे केली. 'आज कोण?'

"लायब्ररीतल्या बाई," मी म्हटलं. "कॅप छान बसल्या."

ह्यांनी मान डोलावली. जणू काही माहीतच नाही. मीही तसंच केलं.

शनिवार, ७ मार्च

दुपारी टायवाला आला. आज जरा वेगळाच सूर होता. "मॅडम, एक विचारू? तुमचं ऑनलाइन कोण बघतं? आम्ही एजन्सी लावलीय, पण आमच्याकडे लोक नुसते रेट विचारतात आणि गायब होतात."

"आहेत आमचे एक. जुने आहेत."

"मग तुमच्याबरोबर त्यांनाही घेऊ आम्ही."

"ते मला सोडून जायचे नाहीत," म्हटलं. "आणि मी दवाखाना सोडून येत नाही."

त्याने टाय सैल केला. "मार्चअखेरपर्यंत वेळ होता, मॅडम."

"कशाला थांबायचं? दाढ दाखवायची असेल तर मात्र या. डावीकडची खालची दुखतेय तुमची. एका बाजूने चहा पिता."

तो गेल्यावर सिस्टर म्हणाली, "येईल बघा." मलाही तसंच वाटतं.

जिंकले वगैरे काही वाटत नाही. कंबर तशीच दुखतेय. सोमवारी पुन्हा दहा ते आठ. छताचा डाग रंगवून घ्यायला हवा. किंवा राहू दे, लोकांना सवय झालीय.

आता संध्याकाळ आहे. हे आतल्या खोलीत, दार लावलेलं. मघाशी 'ऊ' ऐकू आला, वाकडातिकडा, पण 'ऊ'च. मग शांतता, म्हणजे कोणाची तरी चौकशी चालू असणार. मी स्वयंपाकघरात बसून माझ्या फोनवर आमचं पेज उघडलं. आजवर नुसतं बघायचे. आज लिहिलं.

'डॉक्टर फार थकली आहे. आज अपॉइंटमेंट मिळेल का?'

आतल्या खोलीत टिंग वाजलं.

डावा अंगठा, वेळ लागतोच. मग माझा फोन थरथरला.

'आज गर्दी आहे. तरी या. बसा. आधी श्वास घ्या.'

कंबर धरून उठते आता.